पालिकेच्या शाळेत मूल घालताय? हे कागद, ही नावं आणि या वेळा लक्षात ठेवा

भांडुपला टेंभीपाड्यात आमचं घर आहे. दाराशीच माझं शिलाई मशीन. मे संपत आला की ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायकांच्या पिशवीतून कापडाबरोबर मुलांचे जन्मदाखलेही निघतात. "ताई, जरा बघा ना, एवढ्यावर ॲडमिशन होईल का?" माझी मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा, दोघंही मुंबई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. त्यातली सहा वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. तेव्हा जे कळलं ते इतकी वर्षं एकेकीला तोंडी सांगत आले. आता एकदा लिहून काढते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पालिकेची शाळा हा कुणाचा उपकार नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातच प्राथमिक शिक्षण पालिकेच्या बंधनकारक कामांत घातलेलं आहे. त्यावर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. त्यामुळे शाळेच्या ऑफिसात हात जोडायची गरज नाही, आवाज चढवायचीही नाही. फक्त विचारताना नाव घेऊन विचारा. "आमच्या मुलाला काही मिळतं का?" असं विचारलं की "बघू" हेच उत्तर येतं. "एनएमएमएसचे फॉर्म कधी भरणार आहात?" (ही आठवीतली शिष्यवृत्तीची परीक्षा, पुढे सांगते) असं विचारलं की तारीख मिळते. शाळेतून मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एक नाव असतं आणि एक महिना असतो. ते दोन्ही माहीत असले की निम्मं काम झालं.

शाळा बघताना

पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. एकाच इमारतीत तीन-चार शाळा असतात, प्रत्येकीचा क्रमांक वेगळा, मुख्याध्यापक वेगळे. एक सकाळी भरते, एक दुपारी. त्यामुळे "त्या चौकातल्या शाळेत जाऊन आले, जागा नाही म्हणाले" असं कुणी सांगितलं की मी पहिलं विचारते, कोणत्या मजल्यावर गेली होतीस? शेजारच्या दारात दुसरी शाळा असते आणि तिथे जागाही असते.

मुख्याध्यापकांना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आम्ही विचारत नाही: ही शाळा कितवीपर्यंत आहे? पालिकेच्या कितीतरी प्राथमिक शाळा सातवीपर्यंत असतात. आठवी ते दहावीची माध्यमिक शाळा वेगळी असते, बऱ्याचदा लांब असते. मुलगी सातवी झाली आणि पुढची शाळा हायवेपलीकडे आहे म्हणून घरी बसली, हे आमच्या टेकडीवर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिलीत घालतानाच आठवीचा रस्ता बघून ठेवा. चालत जाता येईल का, बस कोणती, रस्ता कुठे ओलांडावा लागेल. पालिकेच्या शाळेतल्या मुलांना बेस्टचा प्रवास मोफत असतो, त्याच्या कार्डाची चौकशी वर्गशिक्षकांकडेच करा.

आता 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाबद्दल. २०२० पासून पालिकेने स्वतःच्या शाळांत इतर बोर्डांचे वर्ग सुरू केले. जोगेश्वरीच्या पूनम नगरला सीबीएसई, माहीमच्या वुलन मिलच्या शाळेत आयसीएसई, पुढे माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेत केंब्रिज, आणि शहरभर आणखी बऱ्याच ठिकाणी सीबीएसई. इथेही फी नाही. पण जागा ठरलेल्या असतात, अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि अर्ज जास्त आले की सोडत निघते. जाहिरात मे-जूनची वाट बघत नाही, नवीन वर्ष लागलं की जानेवारीपासूनच लक्ष ठेवा. सोडतीत नाव आलं नाही म्हणून रडत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना मी सांगते आणि तुम्हालाही सांगते, मराठी माध्यमातला सेमी इंग्रजीचा वर्ग बघून या. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं आपल्या भाषेत. माझ्या मुलीने तसंच केलं. अकरावी सायन्सला गेल्यावर तिला गणिताचे शब्द नवे वाटले नाहीत आणि घरी अभ्यास घेताना मला तिचं इतिहासाचं पुस्तक वाचता येत होतं. आईला वाचता येणारं पुस्तक ही फार मोठी सोय आहे.

कागद आहेत, आणि कागद नाहीत

पहिलीसाठी मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्मदाखला, आईवडिलांचं आणि मुलाचं आधार, पत्त्याचा पुरावा, असेल तर जातीचा दाखला, चार फोटो. सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद फक्त दाखवायचा, द्यायचा नाही.

पण कागद नाही म्हणून कुणी परत फिरू नये. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातली नोंद चालते, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंद चालते, तेही नसेल तर पालकांनी लिहून दिलेलं स्वयंघोषणापत्र चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या १४ व्या कलमात लिहिलं आहे. आधार नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच ते स्पष्ट केलं. आणि जून संपला, जुलै संपला, तरी दार बंद होत नाही. गावाहून दिवाळीनंतर आलात तरी प्रवेश मागा. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तर तोवर मुलाला वर्गात बसवून घ्यावं लागतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला इमारतीचं काम चाललं होतं तेव्हा तिथे परभणीकडचं एक कुटुंब होतं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर वाळूच्या ढिगापाशी असायची. शाळेत कधीच गेली नव्हती. तिच्या आईला वाटत होतं की आता पहिलीत बसवतील, लहान पोरांत तिला लाज वाटेल. तसं नसतं. कायद्याप्रमाणे मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसतं, आणि मागचं भरून काढायला शाळेने विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं, कमीत कमी तीन महिने, लागलंच तर दोन वर्षांपर्यंत. मी तिच्या आईबरोबर गेले, अंगणवाडीताईंनी धाकट्याला ठेवून घेतलं आणि मोठी चौथीत बसली. पहिल्या दिवशी तिला पाटी नको होती, वहीच हवी होती. काम संपल्यावर ते कुटुंब पनवेलकडे गेलं, पण जाताना आईने दाखला मागून घेतला. मुलं घेऊन सारखी जागा बदलणाऱ्या प्रत्येक आईला माझं एवढंच सांगणं आहे. सामान बांधायच्या आधी दाखला घ्या. मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो.

रजिस्टरमधली ती एक ओळ

या भागावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथली चूक पंधरा वर्षांनी अंगावर येते.

प्रवेश होतो तेव्हा मुलाचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चढतं. पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, धर्म, जात, मातृभाषा. तीच ओळ पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, त्यावरून दहावीचा फॉर्म, त्यावरून मार्कशीट, पुढे पॅन, पासपोर्ट, नोकरी. फॉर्म घाईत भरू नका. दुसऱ्याकडून भरून घेतलात तर सही करायच्या आधी एकेक रकाना मोठ्याने वाचून घ्या. मग दोन-तीन आठवड्यांनी शाळेत जाऊन "रजिस्टरची नोंद एकदा दाखवाल का?" असं विचारा. मी प्रत्येक वेळी विचारलं आणि दाखवली गेली.

काय तपासायचं? इंग्रजी स्पेलिंग आधी. आमच्या चाळीत गुरव आडनावाचं घर आहे, दोन भावंडांपैकी एकाच्या आडनावात शेवटी व्ही लागला, दुसऱ्याच्या डब्ल्यू. बँकेत खातं उघडताना दोघं सख्खे भाऊ आहेत हे सिद्ध करायला बापाला चार चकरा पडल्या. आधारवर जसं आहे तसंच शाळेत लिहा, आणि आधारच चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. जन्मतारीख जन्मदाखल्यावरची, घरी वाढदिवस करतो ती नव्हे. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहायचं आहे, ती मुलं आता बालवाडीच्या वयाची होत येतील, त्यांच्या आयांनी हे ध्यानात ठेवा.

मग जातीचा रकाना. नुसतं 'हिंदू' लिहून तो पुरा होत नाही. आमचे सासरे लांज्याकडचे, कुणबी. माझ्या नवऱ्याच्या दाखल्यावर मात्र फक्त धर्म लिहिलेला. मुलीसाठी जातीचा दाखला काढायची वेळ आली तेव्हा ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता. चुलतसासऱ्यांनी गावच्या शाळेतून आजोबांचा उतारा काढून पाठवला, त्यावर जात स्पष्ट होती, म्हणून निभावलं. तुमच्याकडे असा जुना कागद असेल तर मूल पहिलीत असतानाच त्याची प्रत काढून घ्या. माणसं जातात, गावच्या शाळेतली रजिस्टरं वाळवी खाते.

चूक सापडली तर मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंतच दुरुस्ती करून घ्या. माध्यमिक शाळा संहितेत यासाठी २६.४ हा नियम आहे: मुख्याध्यापकांमार्फत अर्ज जातो, शिक्षण खात्याची मंजुरी येते, मगच रजिस्टरमध्ये बदल होतो. मुलाने शाळा सोडली की तोच बदल फार अवघड होऊन बसतो. दहावीचा फॉर्म भरायच्या आधीच्या वर्षी, म्हणजे नववीत, रजिस्टर पुन्हा एकदा बघाच.

जूनमध्ये हातात काय येतं

पालिका मुलांना २७ शालोपयोगी वस्तू देते. गणवेश, बूट-मोजे, दप्तर, वह्या, पेन्सिल-पट्टी, पाण्याची बाटली, डबा, पावसाचं साधन, अशी ती यादी. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकंही मोफत असतात. यादी वर्गशिक्षकांकडून मागून घ्या, कॅलेंडरच्या मागे चिकटवा आणि जे आलं त्यावर खूण करत जा. सही करताना वस्तू मोजून सही करा. राहिलेलं काय आहे ते सहीखाली लिहिता येतं, त्याला कुणी नाही म्हणत नाही.

गणवेशाबद्दल शिवणारी बाई म्हणून सांगते. माप एक नंबर मोठंच मागा. लांब झाला तर कापू नका. पँटचे पाय आणि बाह्या आत दुमडून धावदोऱ्याने टाचा, मशीन मारू नका. दिवाळीला दोर उसवला की अर्धा इंच मिळतो, पुढच्या जूनला आणखी. बगलेत आणि पँटच्या मागच्या शिवणीत मात्र पहिल्याच दिवशी दुसरी शिलाई मारून घ्या, मुलं तिथेच फाडतात. नाव कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याने घाला, पेनाने लिहिलेलं दोन धुण्यांत जातं.

दुपारचं जेवण पहिली ते आठवीच्या मुलांना. आम्ही सगळे त्याला खिचडीच म्हणतो, ताटात काहीही असलं तरी. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि चव रजिस्टरमध्ये लिहायची असते. पालकालाही चव घेता येते. महिन्यातून एकदा तरी जा. मी जायचे, वरणाचा वाडगा हातात घेऊन मुलांच्या पंगतीत बसायचे. कोण पानात टाकतंय, कोण दोनदा मागतंय, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. दोनदा मागणाऱ्या एका मुलाच्या घरी रात्री चूल पेटत नव्हती, ते मला त्या पंगतीत कळलं.

मूल बोलतं छान, लिहीत नाही

माझा मुलगा तिसरीत असताना गोष्ट ऐकवली की जशीच्या तशी सांगायचा. लिहायला दिलं की पेन्सिल कुरतडत बसायचा. जोडाक्षरं गळायची, वेलांटी कुठेही पडायची, फळ्यावरचं उतरवताना मधल्या ओळी सुटायच्या. मी त्याला ओरडले, एकदा वही फेकली. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. त्याच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "हा आळशी नाही. तपासून घ्या." त्या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात, रुग्णालयात एलडी म्हणतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत हिचाही समावेश आहे. मुंबईत शीव, केईएम, नायर अशा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तपासणी होते. पद्धत अशी की आधी डोळे आणि कान तपासतात, कारण दिसतच नसेल तर लिहिणार कसं. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाची चाचणी घेतात. मग विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित तपासतात. हे एका दिवसात होत नाही, चार-पाच खेपा धरून चला. जाताना मागच्या दोन वर्षांच्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं न्या. वर्गशिक्षकांकडून मुलाला नेमकं काय जमत नाही हे लिहून घ्या. सकाळी लवकर जा आणि मुलाला पोटभर खाऊ घालून न्या, भुकेलं मूल चाचणीत बसत नाही. रांगेतल्या बायका काहीबाही बोलतील, "याला तर काही दिसत नाही बाई." त्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका.

प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावर मिळतं आणि चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. ते मिळालं की एक प्रत शाळेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सवलती आपोआप लागत नाहीत, अर्ज करावा लागतो. दहावीच्या बोर्डाला तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, गरज असेल तर लेखनिक मिळतो, काही विषयांत पर्याय मिळतो. आम्ही नववीच्या सुरुवातीलाच शाळेत अर्ज दिला. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा असतो, म्हणून आठवीतली एक मुलगी शोधली आणि दोघांना चार रविवार आमच्या घरी बसवून सराव करून घेतला. तो सांगायचा, ती लिहायची. पहिल्या रविवारी तो सांगता सांगता थांबायचा, कारण आपण बोललेलं असं सरळ ओळीत कागदावर उतरतं हे त्याने आधी कधी पाहिलंच नव्हतं. दहावीला तो ६१ टक्क्यांनी पास झाला. आता आयटीआयला वायरमनचा कोर्स करतो.

इतर अडचणी असलेल्या मुलांसाठीही सोय आहे. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक शाळांत येतात. चालता न येणाऱ्या मुलासाठी प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, आणि शाळेत येताच येत नसेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. पालिकेच्या विशेष शाळाही आहेत. आपल्या मुलाचं नाव 'विशेष गरजा असलेली बालकं' या यादीत चढलं आहे का, एवढंच मुख्याध्यापकांना विचारा. नाव यादीत असल्याशिवाय बाकी काही पुढे सरकत नाही. आणि लाज बाळगू नका. माझ्या लाजेत माझ्या मुलाचं एक वर्ष गेलं.

परीक्षा, शिष्यवृत्त्या, दवाखाना

शिष्यवृत्ती परीक्षा कधी चौथी-सातवीला होती, कधी पाचवी-आठवीला, सरकार बदलत आलं आहे. यंदा कोणत्या इयत्तेला आहे ते जूनमध्येच विचारा. फॉर्म शाळाच भरते.

एनएमएमएस मात्र नीट समजून घ्या. आठवीत परीक्षा, पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत, सातवीला ५५ टक्के गुण. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, थेट मुलाच्या खात्यात. चार वर्षांचे ४८,००० होतात. आमच्यासारख्या घरात एवढ्या पैशात मुलगी बारावीपर्यंत टिकते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून काढावा लागतो, तो परीक्षेआधीच काढून ठेवा, आणि मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते बघा. पैसे मंजूर होऊन खात्यापाशी अडकलेली दोन मुलं माझ्या माहितीत आहेत. मागासवर्गीय मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, तिचंही नाव घेऊन विचारा. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा पास केली तर दहावीत वाढीव गुण मिळतात, हात चांगला असलेल्या मुलाला जरूर बसवा.

शाळेत डॉक्टरांचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. तपासणीत हृदयाचा दोष, कानाचा दोष, डोळ्याचा नंबर सापडतो आणि पुढचे उपचारही त्याच कार्यक्रमातून होतात. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरातच राहू देऊ नका. जंताची गोळी वर्षातून दोनदा, लोहाची गोळी दर आठवड्याला, दोन्ही जेवणानंतर. उपाशी घेतली तर मळमळतं, मग पुढच्या वेळी मूल गोळी जिभेखाली लपवतं.

समितीवर बसा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, पैशांच्या खर्चावर लक्ष ठेवते, मुलांची आणि शिक्षकांची हजेरी बघते. पहिल्या बैठकीत मी एक शब्द बोलले नाही, कागद फिरत आला तिथे सही केली. घरी येऊन मला झोप लागली नाही. कशावर सही केली तेच माहीत नव्हतं. दुसऱ्या बैठकीला मी सांगितलं, "इतिवृत्त आधी वाचून दाखवा, मग सही." मुख्याध्यापकांनी वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा इतर तिघीही बोलल्या. मुलींच्या संडासाची कडी तुटलेली होती, म्हणून मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या. पुरुष सदस्यांपैकी कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं. आठवडाभरात कडी लागली. तुम्हाला बोलवायला कुणी येणार नाही. जुलै-ऑगस्टच्या पालकसभेला जा आणि नाव द्या.

काही अडलं तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग विभाग निरीक्षक, मग वॉर्डातले शाळांचे प्रशासकीय अधिकारी. आमचा वॉर्ड एस, तुमचा कोणता ते वीजबिलावर नसतं, शाळेच्या पाटीवर असतं. तोंडी एकदा, नंतर लेखी. अर्जात एकच विषय लिहा, तारीख लिहा, मुलाचं नाव, इयत्ता आणि रजिस्टर क्रमांक लिहा, शेवटी "कृपया लेखी उत्तर द्यावे" एवढं लिहा. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तेवढ्याने काम होतंच बहुतेक. नाहीच झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांत, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुलाला मारलं किंवा घाणेरडं बोललं तर मात्र पायऱ्या चढत बसू नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला कायद्याने बंदी आहे, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

शाळा सोडताना

सातवीचा किंवा दहावीचा निकाल लागला की दाखला घ्यायला स्वतः जा, मुलाला एकट्याला पाठवू नका. काउंटरवरच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, अक्षरी जन्मतारीख आणि अंकी जन्मतारीख एकच आहे ना, जात, शाळा सोडल्याचं कारण, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का. पाच झेरॉक्स काढा, एक फोटो फोनमध्ये ठेवा आणि मूळ दाखला लॅमिनेट करू नका, पुढे कुठे त्यावर शेरा मारायचा किंवा शिक्का तपासायचा असेल तर अडचण होते. माझ्या दोघांचे दाखले पत्र्याच्या डब्यात आहेत, मलमलच्या तुकड्यात गुंडाळून, त्या वहीच्या खाली.